गुरुवारचं जहाज

डब्लिन, बायकांचा तुरुंग
सोमवार, ४ मार्च १८५०

प्रिय नाब्लाताई,

धाकट्या गोबनेटचा तुला आणि भाऊजींना नमस्कार. हे अक्षर माझंच आहे. इथे रोज तासभर शिकवतात. वाकडंतिकडं दिसेल.

भाऊजींचा खोकला कसा आहे? यंदा लावायला बटाटे उरले का? माझी काळजी करू नकोस. ओटची पेज मिळते, पाव मिळतो. गालांवर मांस आलंय, तू पाहशील तर ओळखायची नाहीस.

आमचं जहाज गुरुवारी सुटणार. जगाच्या पार टोकाला, कैद्यांना नेऊन टाकतात त्या व्हॅन डीमेन्स लँडपर्यंत शंभराहून जास्त दिवस, नुसतं पाणी. माझ्या शेजारची बाई सांगते, वाटेत मेलेल्यांना गोणपाटात शिवून समुद्रात सोडतात. मी तर कधी होडीतसुद्धा बसले नाही. किल्ल्या वाजल्या की मी उठून बसते. वाटतं, आजच नेतायत.

तुझं पत्र काल मिळालं. पाद्रीबाबांकडून किती आनंदाने लिहून घेतलंयस. म्हणे माझा फिनीन समुद्रापार गेलाच नाही, कॉर्कच्या बंदरातल्या बेटावर दगड फोडतोय, शिक्षा संपली की तिथूनच घरी येईल. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, ताई. मग कोपऱ्यात जाऊन ओकले.

हे पत्र उद्या शिक्षा संपून घरी जाणाऱ्या एका बाईच्या हाती देतेय, म्हणजे इथे कुणी वाचणार नाही. तेव्हा खरं ते सांगते. मेंढी मी भुकेपोटी चोरली नाही.

फिनीनला कालवडीच्या चोरीत शिक्षा झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता त्याला जहाजावर घालून पार तिकडे टाकणार. मला वाटलं, मीही चोरी केली तर ज्या वाटेने तो गेला त्याच वाटेने मलाही नेतील. मी भर दुपारी टेकडीवरून जमीनदाराची मेंढी ओढत आणली, दाराशी बांधली आणि उंबऱ्यावर बसून राहिले. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच उठून जमीनदाराच्या मेंढपाळाकडे, म्हाताऱ्या कॉर्नीकडे गेले. तो माझ्याकडे बघेना. म्हणाला, "पोरी, मी काही पाहिलेलं नाही. जा, सोडून ये तिला."

मग मी तिचा गळा कापला आणि कातडं घेऊन चौकीत गेले.

न्यायाधीशालाही दया आली होती. सहा महिन्यांवर सोडणार होता. त्याने विचारलं, पुन्हा करशील का? मी काय म्हटलं ते गर्दीत तुला ऐकू आलं नसेल. मी म्हटलं, "सोडलंत तर उद्याच करीन, महाराज." त्याने सात वर्षं सुनावली. तू मागे हुंदके देत होतीस आणि मी हसू दाबत होते. त्याची आता इतकी शरम वाटते.

काल तुरुंगाच्या मुख्य बाईंपुढे गुडघे टेकून सगळं सांगितलं. बाई वाईट नाहीत. त्यांनी मला हाताला धरून उठवलं. मग म्हणाल्या, "तू मागितलंस, त्यांनी दिलं. आता परत घ्या म्हणून मी कुणाला सांगू?"

मला फार भीती वाटते, ताई. पाण्याची वाटतेच. पण जास्त वाटते ती उतरल्यावरची. तिथे माझं कुणीच नसेल.

एवढं एक कर. फिनीन सुटून दारात आला, की त्याला जेवू घाल आणि सांग, गोबनेटने भुकेपोटी मेंढी मारली, म्हणून तिला नेलं. तो खोदून खोदून विचारेल. शपथ घालेल. तरी बोलू नकोस. खरं कळलं तर माझ्यामागे येण्यासाठी तो त्याच रात्री कुणाच्या तरी गोठ्यात शिरेल, आणि त्याला कुठे नेतील ते देव जाणे.

पाप लागलं तर माझ्या नावावर लागू दे. पण माझ्यासाठी एवढं खोटं बोल.

गुरुवारपर्यंत या किनाऱ्यावर असलेली,
तुझी
गोबनेट