तीन वर्षे खणात राहिलेला अर्ज

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, शाळेतला निवृत्त फिजिओथेरपिस्ट, भान शाबूत असताना व कुणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. वरचा मजला व बँकेतली ठेव मुलाला. तो विचारतो, "बाबा, खालचा मजला परक्याला कशाला?" उत्तर कलम तीनमध्ये आहे.

२. चालण्याच्या सरावाचे लाकडी कठडे, गाद्या व मोठा चेंडू शाळेला. मुलांचे पाय ताणताना आकडे मोजू नयेत, कविता म्हणावी. एका कडव्यात ताण नेमका बसतो. मुख्याध्यापक म्हणायचे, "अहो, व्यायाम घेताय की पाठांतर?" त्यांना माझ्याकडून काही नाही.

३. खालचा मजला, दारातल्या उतारासह, चिमणीला. ही माझी विद्यार्थिनी. आज त्याच शाळेत भाषा शिकवते. नवव्या वर्षी तिला चाकाची खुर्ची हवी होती. अर्ज मीच भरला आणि मीच खणात ठेवला. वाटले, खुर्ची आली की पोर पाय विसरेल. तिच्या आईला सांगितले, समाजकल्याण कचेरीची मंजुरी नाही. ती माउली तीन वर्षे कारकुनाशी भांडली. तो म्हणायचा, "बाई, अर्ज आलाच नाही हो!" तिला तो खोटारडा वाटे. चिमणी कुबड्यांवर फाटकापासून वर्गापर्यंत पोचेतो पहिला तास संपलेला असे. तो कवितेचा. माझ्या खोलीत तो भिंतीपलीकडून ऐकू येई. मी डोळे मिटून ऐकायचो. शेवटी अर्ज धाडला. महिन्याभरात खुर्ची आली. आईने मला हात जोडले. मी ते आभार घेतले.

हे लिहिताना काही वाटत नाही. बधिर पायाला टाचणी टोचून बघतात, तसे बघितले.

वकील म्हणाले, "हे काढा. कबुलीची गरज नाही." काढू नये.

साक्षीदार शिंपी म्हणाला, "काका, तुम्ही गेल्यावर तिनं भांडायचं कुणाशी? तुमच्या फोटोशी?" म्हणून सहीपूर्वी चिमणीला फोन करून सगळे सांगितले. ती म्हणाली, "सर, घराचं नंतर बघू. आई अजून त्या कारकुनाला शिव्या घालते. तिला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

४. उद्या सकाळी दहाला मी चिमणीच्या आईकडे हे सांगायला जाणार आहे. चिमणीने घर नाकारल्यास ते शाळेला जावे.

सही: (स्वहस्ते)
साक्षीदार: शेजारचा शिंपी, शाळेची निवृत्त परिचारिका
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: अकरा, सोमवार