खुर्चीवरचा फोटो

जुळे सोलापूर,
३ नोव्हेंबर २०२५

ति. आईस,
शुभदाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू नुसतं हॅलो हॅलो करतेस आणि मी ओरडून आपल्या घरातलं सगळं शेजाऱ्यांना ऐकवते. म्हणून हे पत्र. कानाचं यंत्र डब्यात ठेवायला घेऊन दिलेलं नव्हतं, एवढं सांगून पुढं जाते.

प्रदीपच्या धम्मप्रियाचं लग्न ठरलं. १४ डिसेंबर, रविवार. मुलाचं नाव संघपाल, टेंभुर्णीचा, वायरमन आहे. माणसं सरळ आहेत. मुलगा हसरा आहे, त्याला आपल्या घरात सवय करावी लागेल.

आता कामाचं. त्रिशरणाच्या आधी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतात, सगळे उभे राहून आदरांजली वाहतात. टेबलावर नानांचा हार घातलेला फोटो असेल. शेजारी प्रदीपचाही तसाच ठेवावा, असं पंचशीलेचं म्हणणं आहे. माझंही तेच आहे. आठ वर्षं झाली, आई. त्याचा ट्रक हायवेच्या कडेला सापडला, किल्ली आतच होती, माझा भाऊ नव्हता. दवाखाने झाले, शवागारं झाली, पोलीस झाले. जिवंत असता तर लेकीच्या दहावीला तरी त्यानं फोन केला असता.

पंचशीला म्हणते, नवरा काय करतो असं कुणी विचारलं की आठ वर्षं ती नवीनच काहीतरी सांगते. एकदाचं काय ते ठरवून द्या, म्हणजे मोकळी होऊन रडेन. यात तिचं काय चुकलं, ते तू मला सांग.

औषधं वेळेवर घे. राग आला तरी उत्तर लिही.

तुझी,
शुभदा


करकंब,
१० नोव्हेंबर

चि. शुभदास नागूबाईचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. आक्षरं लावून लावून वाचलं. साक्षरतेच्या वर्गात बाईनं मला ह्ये वाचायला शिकवलं व्हतं का, आसं वाटलं.

पोरीचं जमलं, लई ब्येस झालं. पर माज्या लेकाला हार घालायचा न्हाय. तुज्या नानांना मी माज्या हातानं पानी पाजलं, त्येंच्या फोटोला हार मीच घातला. प्रदीपचं मी काय बगितलं? कुनी काय बगितलं? बगितल्याबिगर मानूस मेला म्हनायचं, ह्ये कालेजात शिकवत्यात का गं?

तुज्या भावजयीला विधवा व्हायची लई घाई झालीया. व्हऊ दे म्हनावं. माज्यासमोर न्हाय. हार घालनार आसशीला तर मी लग्नाला येनार न्हाय. नातीला हितनंच आशीर्वाद.

हातात कळ येती, बास करते. यंत्र कानात शिट्ट्या मारतंय, म्हनून डब्यात हाय.

नागूबाई


जुळे सोलापूर,
१७ नोव्हेंबर

ति. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी पंचशीलेला वाचून दाखवलं. घाईचं वाक्य गाळून. पुन्हा असलं लिहू नकोस, मला गाळायची सवय नाही. तू लिहितेस तिला घाई झाली. रोज शिवणाच्या मशिनीवर बसून तिनं तुझी नात ग्रॅज्युएट केली. घाई असलेली बाई एवढी वर्षं एका घरात थांबत नाही.

पण तुझ्याशिवाय लग्न नको, असं धम्मप्रियानं रडून सांगितलं. मग आमची बैठक झाली. शेवटी पंचशीला म्हणाली की सासूबाईंना येऊ द्या, माझं मी बघते. म्हणून असं ठरलं: प्रदीपचा फोटो टेबलावर नाही. पहिल्या रांगेत, बापाच्या जागी, एका खुर्चीवर. हार नाही. आदरांजलीत नाव नाही. पत्रिकेत नुसतं नाव, आधी कालकथित वगैरे काही नाही. व्याह्यांना कल्पना दिली आहे. त्यांनी एकही वाकडा प्रश्न विचारला नाही.

एवढं केल्यावर तू येणार, हे मी धरून चालले आहे. पांढरं लुगडं इस्त्री करून आण. मधल्या काळात पंचशीलेला चार शब्द लिहिलेस तर बरं होईल.

माया आहे, ती दिसू दे.

शुभदा


करकंब,
२४ नोव्हेंबर

चि. शुभदास आशीर्वाद.

येते. खुर्ची चांगली बग, पलास्टिकची नगं. त्यो उंच हाय.

तिला काय लिव्हू? भेटल्यावर बगू.

नागूबाई


जुळे सोलापूर,
१७ डिसेंबर

ति. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

जेवायला न थांबता, कुणाशी न बोलता तू करकंबची एसटी धरलीस. धम्मप्रिया निघताना तुला शोधत होती. याबद्दल मी नंतर बोलेन. आधी काय घडलं ते ऐक, कारण आम्ही तुला फसवलं असं तू मनात धरलं असशील.

खुर्ची मी स्वतः ठेवली होती, लाकडी, हाताची. फोटोही मीच ठेवला. मग वरात आली, तिला घ्यायला मी दारात गेले. माइकवर आमच्या कॉलनीतले धनाजी होते. गेलेल्या माणसाचा फोटो बसायच्या जागेवर बघून त्यांना वाईट वाटलं. हा अपमान आहे, कुणाकडून तरी घाईत राहिला, असं समजून त्यांनी तो उचलून नानांच्या शेजारी ठेवला. हार नाही बघून, सत्कारात स्वतःला मिळालेला हार त्याला घातला. आणि नानांच्या नावामागून कालकथित म्हणून प्रदीपचं नाव घेऊन सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. भला माणूस आहे. खरं कळल्यावर कोपऱ्यात जाऊन रडला. मी त्याला ओरडायला गेले आणि पाणी देऊन परत आले.

सगळा हॉल उभा राहिला. मीही उभी राहिले, आई. शपथेवर सांगते, पाय आपोआप उचलले गेले.

तू बसून राहिलीस. मान खाली, पदर तोंडात. ते सगळ्यांनी पाहिलं. पण तू मान वर केली नाहीस, म्हणून तुला एक गोष्ट दिसली नाही. ती सांगायलाच हे पत्र.

मंचाच्या पायरीशी पंचशीलाही बसून होती. विहीणबाई तिला दंडाला धरून उठवू बघत होती, लोक वळून बघत होते, लेक नवरीच्या वेशात समोर उभी होती. पंचशीला उठली नाही. हार तिनंच मागितला होता ना? मी नंतर तिला तसं विचारलं. म्हणाली की ताई, मलाही वाटलं होतं उठेन. पण त्यांचं नाव ऐकलं आणि वाटलं, मी उठले तर ते गेलेच.

घरी आल्यावर तिनं साडीही बदलली नाही. धम्मप्रियाचं कपाट उघडून रिकाम्या कप्प्यांसमोर बसली होती. काल सकाळी मशिनीवर बसली. जेवतेही तिथंच बसून. घरात आता ती एकटीच आहे.

तुला जे करायचं ते कर. मी काही सुचवणार नाही.

शुभदा


करकंब,
२२ डिसेंबर

चि. शुभदास आशीर्वाद.

ह्ये पत्र पंचशीलेला वाचून दाखव. काय गाळू नगंस.

पंचशीले, पोरी, मी तुला नगं ते बोलले. तोंडावर न्हाय बोलले, पर बोलले. मला वाटायचं त्येची वाट बगनारी मी येकलीच हाय, बाकी समदी दमली. म्हनून मी घट्ट धरून व्हते. मी सोडलं तर त्येला धरायला कोन, आसं वाटायचं.

तू बसलीस, ह्ये मला दिसलं न्हाय गं.

आता आईक. मी म्हातारी, मी बसून मेले तरी चालतंय. तुजं तसं न्हाय. तुला अजून लई वरसं काढायचीत. आपन दोगीबी बसून ऱ्हायलो तर तुला उठवनार कोन? शुभदा उठवंल, पर ती दंडाला धरून उठवंल, तिची रीतच तशी.

मशीन बंद कर आन् हिकडं ये. फोटो घिऊन ये. चार दिस ऱ्हा. रडायचं तर हितं रड, मला आईकू येत न्हाय, कुनाची लाज नगं. मग भंतेजींना बोलवू, नाव घ्यायला सांगू. आदी मी उबी ऱ्हाते. माजा हात धर आन् तूबी ऊठ.

तुजी आई,
नागूबाई