कडबाकुट्टीचा कागद

४ फेब्रुवारी, मंगळवार

बेकरीत बेबीनंदाचा हात रोलरमध्ये गेला! उजवा. तीन बोटं गेली. मैद्याचा गोळा अडकला म्हणून आत सारायला गेली — अन् ओढली गेली. मी समोरच टोस्ट भरून राह्यले होते. पळत जाऊन बटण बंद केलं.

रोलरवरची जाळी दिवाळीपासून काढून ठेवलेली. "जाळीनं काम सुस्त होतं" — शेठ. आता झालं का जल्दी?

५ फेब्रुवारी

दवाखान्यात गेल्ते. केसपेपरवर काय लिवलंय? "गावी कडबाकुट्टीत हात गेला." कडबाकुट्टी! तिच्याकडं ना म्हैस, ना गुंठाभर रान! ती बेशुद्ध होती. सुपरवायझर कल्याणनं सांगितलं अन् दवाखान्यातल्यांनी उतरवून घेतलं.

शुद्धीवर आली तर म्हणते, "संध्या, आता चपाती कशी लाटू गं?"

मला रडू न्हाई आलं. नुस्ता संताप.

८ फेब्रुवारी

कल्याणनं आम्हा आठ जणींना गोळा केलं. "ती त्या दिवशी कामावर नव्हती, असं लिहून द्या." सात जणींनी सह्या केल्या. दुर्गाबाईनं पण! तिच्याच पदरात बांधल्ता तो हात! मला म्हणते, "मंग काय करू? घरात मी एकटी कमावती."

मी न्हाई केली सही.

१० फेब्रुवारी

बेबीनंदाला घेऊन कामगार विम्याच्या ऑफिसात. साहेब म्हणाले, "कार्ड बराबर आहे. कामावर लागलं असेल तर पेन्शन बसते, जन्मभर. पण कागद कडबाकुट्टी म्हणतो. पाहिलेलं कोणी?"

"मी हाय की!"

लिहून दिलं. दवाखान्यातली सिस्टर पण सांगायला तयार झाली — जखमेतून मैदा धुऊन काढल्ता म्हणून. कडबाकुट्टीत मैदा कुठून आला रे, कल्याण?

११ फेब्रुवारी

कामावरून काढलं. गेटवरच. डबा हातात तसाच.

२० फेब्रुवारी

नवीन जालन्यातल्या तीन बेकऱ्या पालथ्या घातल्या. तिन्हीकडं माझं नाव आधीच पोचलेलं. घरी हे म्हणतात, "तुला काय पडलं होतं?" काय पडलं होतं! बाईची बोटं पडली होती, माझ्या डोळ्यांदेखत!

३ मार्च

बेबीनंदा साहेबांसमोर फिरली. "गावीच लागलं." माझ्याकडं बघितलं पण न्हाई. मी खोटी ठरले. अशी कशी गं तू? अशी कशी!

४ मार्च

सकाळी प्रीती आल्ती, बेबीनंदाची पोरगी. दारातच उभी, मान खाली. शेठनं तिला कामावर घेतलंय, कायमचं. माझ्याच जागेवर. "मावशी, आई म्हणली... माफ करा."

ओठावर शिव्या आल्त्या. गिळल्या.

म्हणले, "ओढणी आत खोच. अन् रोलरवर लावलं कधी, गोळा अडकला, तर आधी बटण बंद कर गं बाई. आधी बटण."