दोन बादल्या पाणी

३ ऑक्टोबर, सोमवार

गेला एकदाचा विमानतळावर. जाताना फ्रिजवर यादी चिकटवली — मंगळवारी कागदाचा कचरा, गुरुवारी गरम पाण्याच्या यंत्राची तपासणी, शुक्रवारी सफाईवाली. खाली लाल शाईने, "आई, काही अडलं तर लगेच फोन." शाळेत सिस्टर मॉनिटरला फळ्यावर कामं लिहून द्यायच्या, अगदी तसं.

करार असा: चिरंजीव ऑफिसच्या कामाला बाहेर असतील तेवढे पंधरा दिवस हे परक्या शहरातलं घर मी एकटीने चालवायचं. नीट चाललं, तर एकवीस तारखेच्या तिकिटावर मी माझ्या घरी परत, आणि तो ब्र काढणार नाही. काही बिघडलं, तर तिकीट रद्द, मुक्काम कायमचा इथेच. हे गेल्यापासून त्याच्या डोक्यात तेच आहे. त्यातून मागच्या वर्षी तिकडे माझ्या घरी दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच सुरू राहिला, आणि शेजारणीने लगोलग त्याला कळवलं. तिचं तोंड म्हणजे आकाशवाणी.

४ ऑक्टोबर

कचरेवाले कागदाचा डबा न उचलताच ठेवून गेले. वर पिवळी चिठ्ठी. दुधाची खोकी धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवली होती. ती कागदात चालत नाहीत म्हणे. आमच्या रद्दीवाल्याने कौतुक केलं असतं.

हा बिघाड नव्हे, अभ्यास.

६ ऑक्टोबर

यंत्रवाला ठरल्या मिनिटाला हजर. बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आत आला. चहा नको म्हणाला. मी म्हटलं, "आमच्याकडे कुणी तसंच जात नाही." बिचाऱ्याने उभ्याउभ्या घड्याळाकडे बघत प्यायला. जाताना म्हणाला, "जुनं आहे, मॅडम, पण ठणठणीत. अजून बरीच वर्षं जाईल."

वाक्य जसंच्या तसं चिरंजिवांना पाठवलं. कुणाबद्दल, ते लिहिलं नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं. बिघडलं.

सफाईवाली दहाला येणार, म्हणून मी सहालाच उठले. परक्या बाईला घाणेरडी बाथरूम दाखवायची कशी? दोन बादल्या पाणी ओतून फरशी खसाखसा घासली. मग पाणी काढायला जाळी शोधते, तर जाळीच नाही! चार कोपरे चाचपले. या लोकांची फरशी फक्त पुसायची असते. पाणी शांतपणे भिंतीकडे गेलं आणि दिसेनासं झालं.

सफाईवाली आली तेव्हा मी गुडघ्यांवर, आजूबाजूला घरातले सगळे टॉवेल. ती उंच, धिप्पाड, मी मनात तिला हवालदारीण म्हणते. बघितलं, बाह्या वर केल्या, पाच मिनिटांत कोरडं केलं. एवढंच म्हणाली, "पाणी टबात. फक्त टबात."

तेवढ्यात बेल. खालच्या मजल्यावरचे आजोबा. "मॅडम, माझ्या छतातून पाणी ठिबकतंय."

मी म्हटलं, "चहा घेणार?" दुसरं काही सुचलंच नाही.

खाली जाऊन पाहिलं. जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर परातीएवढा डाग, सोंडेसकट हत्ती. आजोबा रागावले नाहीत. नवलही वाटलं नाही त्यांना. "आठवडाभर वाळू द्या. मग रंग लावू."

"माझ्या मुलाचा नंबर आहे तुमच्याकडे?"

"आहे ना."

कळवू नका, असं जिभेवर आलं होतं. पण शाळेत लपवणाऱ्यापेक्षा लपवायला लावणाऱ्याला जास्त वेळ उभं करायचे. गिळलं.

१० ऑक्टोबर

फोन आला. "सगळं ठीक ना? नळ वगैरे गळत नाही ना?"

"नळ? छे."

नळ खरंच गळत नाही.

१२ ऑक्टोबर

रोज चारला हत्तीची विचारपूस करायला खाली जाते. आज सोंड वाळली. आजोबा बायकोचे फोटो दाखवतात, मी यांच्या घोरण्याचे किस्से सांगते. विचारलं, "एकटे राहता, मुलगी काही म्हणत नाही?"

"रोज फोन करते. मी सांगतो, सगळं उत्तम."

"छत गळत असताना?"

"गळत असताना तर नक्कीच."

१४ ऑक्टोबर

आज हवालदारीण येईपर्यंत हाताची घडी घालून बसले. फार कठीण गेलं. जाताना तिने बादली उचलून कपाटावर ठेवली, माझ्या रिकाम्या बॅगेच्या मागे. माझा हात पोचणार नाही अशा बेताने.

१६ ऑक्टोबर, रविवार

आजोबांनी माळ्यावरून रंगाचा डबा काढला. अर्धा वापरलेला, झाकण गंजलेलं. ते स्टूल धरून, मी स्टुलावर, हातात ब्रश. चिरंजिवांनी पाहिलं असतं, तर तिकीट तिथल्या तिथे फाडलं असतं. रंग तंतोतंत जुळला. हत्ती गेला. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

१७ ऑक्टोबर

उद्या येतोय. डाग नाही, साक्षीदार मुके, प्रगतिपुस्तक स्वच्छ. मी नुसतं गप्प बसायचं आहे.

जेवण गेलं नाही. त्याच्या तोंडावर खोटं बोलून जिंकलेल्या घरात मला झोप लागेल का?

१८ ऑक्टोबर

त्याने बूट काढायच्या आत सांगून टाकलं. बादल्या, टॉवेल, हत्ती, स्टूल, सगळं.

तो मटकन खुर्चीत बसला. मग हसायलाच लागला. "आई, तो डबा मीच आणून दिला होता आजोबांना. इथे आलो त्या पहिल्या रविवारी. मीही ओतल्या होत्या दोन बादल्या, तू ओतायचीस तशा."

"आठ वर्षं झाली. बोलला नाहीस कधी?"

"तू परत बोलावलं असतंस."

बोलावलंच असतं.

मग उठला आणि कपाटावरून माझी बॅग त्यानेच काढून दिली.