हिमशिखर, मुक्काम पोस्ट आष्टी

मी, शरदचंद्र रखमाजी सरकटे, वय वर्षे बाहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार मंठा, जिल्हा जालना, आज रोजी पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दाबाखाली न येता आणि कसलीही नशा न करता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली आहे, ती नशेत धरू नये. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मंठ्यासारख्या सपाट गावात राहून चाळीस वर्षे डोंगरांचे फोटो काढणारा माणूस शुद्धीत होता का, अशी शंका कुणालाही येऊ शकते, म्हणून तो मुद्दाम घेतला.

हे लिहिण्याचे खरे कारण मालमत्ता नाही. भांडण लागेल एवढी मालमत्ता मी जमवलेली नाही. कारण असे की बावीस वर्षांपूर्वी मी माझा मित्र शेख इब्राहीम शेख अबुबकर, सुतार, याला भर सभेत खोटे पाडले. तो खरे बोलत होता. हे तोंडाने कबूल करायला मला एवढ्या वर्षांत सवड मिळाली नाही, म्हणून कायद्याची मदत घेत आहे. वकीलबाईंनी सुचवले की आधी घरदार, मग बाकीचे. तसे करतो.

कलम १. राहते घर, खालचा स्टुडिओ आणि पोस्टातील शिल्लक माझी पत्नी उषाबाई हिला. मी डोंगरावर निघालो की ती दर वेळी विचारायची, "तिथं काय ठेवलंय?" या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता येत नाही. पण पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून लेन्सचे डबे पापडाच्या डब्यांशेजारी कोरड्या फडताळात तिनेच ठेवले. माझी एकही लेन्स आजवर खराब झाली नाही. पापड मात्र एकदा लेन्सच्या पिशवीतून कळसूबाईपर्यंत जाऊन आले.

कलम २. फिल्मचा कॅमेरा आणि तीन लेन्स मुलगा अपूर्व याला. तो पुण्यात कंपनीत आहे आणि त्याच्या मते हे सगळे आता मोबाइलमध्ये येते. येत असेल. त्याच्या मोबाइलमध्ये सिंहगडावरचे आकाश संत्र्याच्या गोळीसारखे दिसते हे मी स्वतः पाहिले आहे. कॅमेरा विकायचा असल्यास त्याने आधी त्यातून एक अख्खा रोल, म्हणजे छत्तीस फोटो, डोंगरावर जाऊन काढावेत, मग खुशाल विकावा. त्यासाठी सूचना: उजाडायच्या तासभर आधी जागेवर पोहोचावे, सूर्य वर आल्यावर धापा टाकत नव्हे. मोठा आवाका घेणारी लेन्स डोंगराला टेकडी करते, म्हणून लांबची लेन्स लावावी. मग मागच्या रांगा एकमेकींच्या जवळ येतात. थंडीत बॅटरी शर्टाच्या आत छातीशी ठेवावी. वारा असेल तर ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला दगडांची पिशवी टांगावी. डोंगर केवढा आहे हे कळण्यासाठी फोटोत कुठेतरी एक माणूस उभा करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, फिल्म पुढे ओढताना डावीकडचे बटण फिरते का ते पाहावे. का, ते कलम ४ मध्ये आहे.

कलम ३. आकाश आटोक्यात ठेवणारा अर्धा काळा, अर्धा पारदर्शक फिल्टर समोरच्या स्टुडिओवाल्या देवानंदला. हा मनुष्य मंठ्यात नवरा-नवरीचे फोटो काढतो आणि संगणकावर त्यांच्या मागे स्वित्झर्लंड लावतो. मी त्याला लोकांसमक्ष दोनदा लबाड म्हटले आहे. फिल्टरसोबत एक चिठ्ठी लिहिली होती: "आकाश प्रामाणिकपणे असेही आणता येते." काल पुन्हा वाचली तेव्हा माझीच मला लाज वाटली. चिठ्ठी फाडली. फिल्टर द्यावा.

कलम ४. सन २००२ च्या ऑक्टोबरात मी एकोणीस दिवसांसाठी हिमाचलात गेलो. निघण्यापूर्वीच गावच्या वाचनालयाने शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. डोंगर पाहण्याआधी सत्कार झालेला तालुक्यातला मी पहिलाच असेन. तिथे अठरा दिवस ढग होते. एकोणिसाव्या पहाटे शिखर उघडले आणि मी छत्तीस फोटो काढले. छत्तीस झाल्यावरही फिल्म संपेना, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, तरी या शहाण्याला वाटले की आज नशीब जोरावर आहे. फिल्मचे टोक चाकात अडकलेच नव्हते, म्हणून डावीकडचे बटण फिरत नव्हते, आणि मी ते पाहिलेच नाही. मंठ्याला येऊन रोल धुतला तर तो काचेसारखा कोरा निघाला.

शाल घरात होती. सगळे गाव विचारत होते.

डिसेंबरात आष्टीच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यांनी कॅलेंडरसाठी फोटो काढायला बोलावले. इब्राहीम सोबत होता. तो नेहमीच असायचा. सह्याद्रीतल्या माझ्या प्रत्येक फोटोत जो एवढासा माणूस दिसतो, तो इब्राहीम. आपल्या लग्नातला काळा कोट घालून तो न कंटाळता उभा राहायचा आणि म्हणायचा, "सुतार हाय मी, मापाला उभा राहणं माझं कामच हाय." त्या पहाटे जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी होती, दोन मजली उंच. ऊन आडवे आले आणि त्या गंजीला कडे, दऱ्या, सुळके सगळे फुटले. मी इब्राहीमला पायथ्याशी उभे केले. बर्फ असो की कापूस, पांढऱ्या रंगाला कॅमेऱ्याचे मीटर फसते आणि सगळे राखाडी करून टाकते, म्हणून दीड स्टॉप प्रकाश जास्त दिला. फोटो असा उतरला की मीच बघत राहिलो.

पुढचे काम अंधाऱ्या खोलीत झाले. प्रिंट काढताना मी खालची कड कापली. त्या कडेबरोबर इब्राहीम गेला, आणि तो गेल्याबरोबर गंजी वीस हजार फुटांची झाली. "हिमशिखरावरील पहाट" असे नाव देऊन मी तो फोटो विभागीय स्पर्धेला पाठवला. मीटर फसले होते, परीक्षकही फसले. पहिला नंबर आला.

वाचनालयाने पुन्हा सत्कार ठेवला. फोटोवरचा पडदा बाजूला झाला आणि तिसऱ्या रांगेतून इब्राहीम हसत उठला. त्याच्या मनात काही काळेबेरे नव्हते, त्याला आनंदच झाला होता. म्हणाला, "अरे शरदभाऊ, ही तर आपली आष्टीची गंजी! मी उभा व्हतो ना हितं, मला कुठं गायब केलंस?" माझ्या हातात माइक होता. मी म्हणालो, "इब्राहीमभाईंनी हिमालय पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांना सगळीकडे कापूस दिसतो." सभागृह खो खो हसले. इब्राहीम रांगेतून वाट काढत निघून गेला.

त्या दिवसापासून लोक त्याला विचारू लागले, "काय इब्राहीमभाई, आज कोणता डोंगर पिंजला?" त्याआधी गावात कुठला पंचनामा असला की पंच म्हणून त्याला हमखास बोलवत, कारण त्याचा शब्द पक्का. नंतर कुणी बोलावले नाही. आमची दारे समोरासमोर आहेत. बावीस वर्षे मी माझे दार त्याचे लागले की मगच उघडत आलो. फोटो वाचनालयात अजून आहे. भूगोलाचे भारत गुरुजी दरवर्षी वर्ग तिथे नेत आणि उतारावरची रेघ दाखवून हिमनदी समजावत. ती गंजीवर चढवलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाची खूण आहे. गुरुजींची मी माफी मागतो. त्यांच्या विद्यार्थ्यांची मागायला आयुष्य पुरणार नाही.

कलम ५. मूळ निगेटिव्ह न कापता, इब्राहीमसकट, मोठी प्रिंट काढून वाचनालयात जुन्या फोटोच्या जागी लावावी. खाली लिहावे: "कापसाची गंजी, आष्टी. उभे असलेले: शेख इब्राहीम. ते खरे बोलले होते." ~~हे काम माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत करावे.~~ खोडलेले वाक्य मी स्वतः खोडले आहे. कारण पुढे.

कलम ६. ~~सागवानी ट्रायपॉड, जो इब्राहीमने माझ्यासाठी स्वतः केला, तो इब्राहीमला.~~ हेही मी खोडले आहे. सागवान थंडीत हाताला चटके देत नाही आणि वाऱ्यात थरथरत नाही. धातूचे महागडे ट्रायपॉड घेऊन आलेले लोक हरिश्चंद्रगडावर माझ्याकडे बघून हसायचे आणि घरी जाऊन हललेले फोटो बघायचे. हा ट्रायपॉड आता उषाबाईकडे राहील. हा बदल का झाला ते लिहितो.

काल दुपारी मी उषाबाईला समोर पाठवले आणि इब्राहीमला बोलावून घेतले. तो आला, पण बसला नाही. वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि मला म्हणाला, "तुम्ही मेल्यावर लावणार का हा फोटो?"

त्याने मला तुम्ही म्हटले. हे मला फार लागले.

मी म्हणालो, "हो. तशी कायदेशीर तरतूद केली आहे."

"बराबर हाय. म्हंजे लोक हसतील तवा तुम्ही नसणार. तवा बी मी एकलाच व्हतो, आता बी मी एकलाच त्या फोटोखाली उभा राहू?" मग त्याचा आवाज चढला. "अरे, मरून माफी मागून राह्यला का तू? जितेपणी माग ना!"

उषाबाई चहा घेऊन दारात उभी होती. तीही म्हणाली, "बरोबर बोलले भाऊजी." चाळीस वर्षे "तिथं काय ठेवलंय" विचारणारी बाई नेमकी काल दुसरे वाक्य बोलली.

मी वाक्य खोडले. प्रिंट येत्या रविवारी, १४ डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता लागेल आणि माइकवर मी बोलेन. मला भीती वाटते आहे, हे इथे नमूद करतो. जिवंत माणसाचा कार्यक्रम मृत्युपत्रात बसत नाही असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. तरी तो इथेच राहू द्यावा, नाहीतर मी रविवारपर्यंत पळवाट शोधेन.

मग इब्राहीमने विचारले, "साक्षीदार कोण हायेत ह्याला?"

मी सांगितले, दोन लागतात, एक भारत गुरुजी येणार आहेत.

"दुसरा मी."

वकीलबाई म्हणाल्या, ज्याला कागदातून काही मिळते त्याने साक्षीदार न झालेले बरे, उद्या कुणी हरकत घेऊ शकतो. इब्राहीम म्हणाला, "मंग काटा माझं नाव. तिपाई म्या माझ्या हातानं केली, पाहिजे असली तर दुसरी करीन. बावीस साल झाले, ह्या गावात कुणी माझी सही मागितली न्हाई. मला ती पाहिजे."

म्हणून कलम ६ बदलले. या मृत्युपत्रातून शेख इब्राहीम शेख अबुबकर यांना काहीही मिळत नाही.

मजकूर मी वाचला, समजून घेतला, खाडाखोड माझीच आहे.

ठिकाण: मंठा
दिनांक: ११ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: शरदचंद्र रखमाजी सरकटे (सही)

साक्षीदार १: भारत उत्तमराव खरात, निवृत्त शिक्षक, भूगोल. (सही) कलम ४ सहीपूर्वी दोनदा वाचले. रविवारी येतो.

साक्षीदार २: शेख इब्राहीम शेख अबुबकर, सुतार. (सही) शरदचंद्र यांनी माझ्यासमोर सही केली. निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली. त्यात मी आहे.