तांब्यावरचं फुलपात्र

सांगली,
११ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. अंजना हीस,
अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. तुझे क्षेम तू कधी धड कळवत नाहीस, तरी विचारण्याचा उपचार करतो.

तुझ्यासाठी अर्ज घेऊन आरोग्य खात्याच्या कचेरीत गेलो होतो. मागण्या दोनच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे आठवड्यातून एकदा नर्स घरी यावी, आणि त्याचे सारे करणाऱ्याला हक्काची विश्रांती मिळावी. साहेब सज्जन निघाले, अर्ज पुरता वाचला. म्हणाले, रजा नोकराला असते, सून काही नोकर नव्हे. मग ती रुग्ण का, विचारले. तर तीही नव्हे. एकूण कायद्याच्या दृष्टीने तू नाहीसच. वेदान्त्यांना जन्मभर जे साधत नाही, ते तुला सासूची घाण काढता काढता तीन वर्षांत साधले.

तुझे दीर हंबीरराव मलकापूरहून फिरकले का? मागे स्टँडवर भेटले तेव्हा ऊसतोड चालू आहे म्हणाले. त्यांचा ऊस बाराही महिने तुटतो.

सविस्तर लिही. त्रोटक आले तर शुद्धलेखन तपासून परत धाडीन. लोभ इकडून वाहतोच आहे, तिकडचा पाट मोकळा ठेव.

तुझा,
जोतीरामदादा

कोयनानगर,
२० फेब्रुवारी १९७४

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. सासू असल्या तरी मायेच्या आहेत. वाचा गेलीय, पण हसल्या असं मला वाटलं.

एक सांगते, वहिनींना कळवू नका, लगेच अंगारा धाडतील. सदुसष्टच्या भूकंपापासून इकडं घरोघर तांब्यावर फुलपात्र उपडं ठेवतात, तुम्ही बघितलंयच. भुई हलली की ते खणखणतं आणि माणूस बाहेर पळतं. आमचं आत्याबाईंच्या बाजेशेजारी आहे. अर्धांग झाल्यापासून त्या डाव्या हातानं तेच वाजवायच्या. एकदा वाजलं की पाणी, दोनदा वाजलं की कूस बदलायची. मी बाजेला लागून खाली अंथरूण टाकते, म्हणजे ऐकू येतं.

संक्रांतीला दुसरा झटका आला. आता डावा हातही गेला. डॉक्टर सुई टोचून बघून गेले, बोट हललं नाही. आणि दादा, तरी फुलपात्र वाजतं. माझा डोळा लागला की वाजतं. आधी एकदा, मग दोनदा. उठून बघावं तर त्यांचा हात मी ठेवला तिथंच, थंडगार. शेजारच्या दगडाबाई म्हणतात, भुई हलली आसंल, लय मनाला लावून घेऊ नगंस. पण भुई अशी मोजून हलती व्हय?

आत्याबाई माझ्याकडं बघतात, मग खाली माझ्या अंथरुणाकडं बघतात. तिथं आणि कुणी निजलंय, असं बघतात.

ह्यांना पलटणीत कळवलं नाही. मला फार नको. एक दुपार निजायला मिळावी, ते न वाजता. माया आहे तशी ठेवा.

तुमची,
अंजना

सांगली,
४ मार्च १९७४

चि. सौ. अंजना हीस,
आशीर्वाद. तुझ्याकडून निघून सुखरूप पोचलो. तुझ्या तोंडावर बोलवले नाही, ते लिहितो.

त्या दुपारी तुला सक्तीने निजवून मी ओसरीवर बसलो होतो. फुलपात्र खणखणले. तुम्हा दोघींना आत टाकून तुझा विद्वान भाऊ अंगणात पळाला. दगडाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, आवं मास्तर, धोतराचा सोगा धरा आन् मग पळा. त्यांच्या सुपातला दाणाही हलला नव्हता.

परत आत आलो. तुझ्या सासूबाई रंगुबाई निश्चल, डोळे तेवढे उघडे, खाली लागलेले. मीही तिकडे पाहिले. हात तुझा होता, अंजना. तू गाढ झोपेत. हात उचलून तू बांगडीने फुलपात्रावर दोनदा वाजवलेस आणि तळवा उघडा ठेवून वाट पाहत राहिलीस. मी तुझ्या ओठांना पाणी लावले. डोळे न उघडता प्यालीस. कूस बदलून दिली. तेव्हा कुठे रंगुबाईंनी डोळे मिटले.

तुझी हाक त्या घरात एकाच माणसाला ऐकू येत होती, आणि त्याला उठता येत नव्हते.

येताना मलकापूरला उतरून हंबीररावांना हे सांगितले. ऊस तुटायचा थांबला. पाडव्यापासून तुझी जाऊ मनुबाई येऊन राहील. कचेरीत नवा अर्ज दिला, रुग्णाचे नाव अंजना. रोग कोणता विचारले, म्हटले, सेवा. नियमात बसत नाही म्हणाले, पण मंगळवारी नर्स धाडतात. हा उपकार झाला, हक्क नव्हे. हक्क होईतो मी त्या पायऱ्या झिजवणार. पेन्शनीत दुसरा उद्योग तरी काय असेल?

झोपत जा. एवढा लोभ माझ्यावर कर.

जोतीरामदादा

कोयनानगर,
१६ मार्च १९७४

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि. मंगळवारी नर्सबाई आल्या. आत्याबाईंची पाठ धुतली, माझीही नाडी बघितली. मला कुणी असं विचारायची सवय नाही, मी रडले. जाऊबाई यायच्या आहेत.

काल शुक्रवार. नर्सचा वार नव्हता. दगडाबाई पाटणच्या बाजाराला. आत्याबाईंचे दोन्ही हात छातीवर ठेवले, दाराला आतून कडी घातली आणि पडले. झोपेत वाजलं असावं. मी उठले नाही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी निजले त्याच्या उलट्या कुशीवर होते. कडी तशीच. तांब्यावर फुलपात्र नव्हतं. ते माझ्या उशाशी होतं, सुलटं, काठोकाठ भरलेलं. आत्याबाईंचा डावा हात बाजेवरून खाली लोंबत होता, आणि बोटं ओली होती.

हे अर्जात घालू नका.

त्या माझ्याकडं बघत होत्या. मी पाणी प्याले, मग त्यांची कूस बदलली.

दोघींवर माया असू द्या.

तुमची,
अंजना