वॉल्टरचं विमान आणि दाजींची खुर्ची

दब्बा, विहिरीवरचं घर
ऑक्टोबर १९९२

आदरणीय सालिहीन दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे मिफ्ताहचा, आधी तुम्हाला सलाम, मग ताईला आणि उरलेला मुलांना. इकडे अल्लाच्या कृपेने सगळे खुशाल आहेत. अंजिरं यंदा बरी झाली. बाबांचा मोतीबिंदू जसा होता तसाच आहे आणि जिभेची धारही जशी होती तशीच. ताईची कंबर कशी आहे? मुलं शाळेत जातात की समुद्रावर? अलेक्झांड्रियातले लोक अजून दाढ्या करतात ना? खुर्ची बरी आहे ना? (खुर्चीची विचारपूस मी यापूर्वी कधी केली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं आहे. पण माणसाने अधूनमधून सगळ्यांचीच करावी.)

तुम्हाला शहरात कळलं असेलच की इंग्रज-जर्मनांच्या लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून अल-अलमैनला मोठा उरूस भरतो आहे. ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या तेच म्हातारे आता एका बसमधून येतात, एका टेबलावर कोंबडी खातात आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. पुष्पचक्रं आठवणीने आणतात. सुरुंग कुठे कुठे पेरले त्याचे नकाशे मात्र घरी विसरतात. (इद्रीसकाकांचा उंट गेल्या वर्षी त्यातल्याच एका सुरुंगावर गेला. त्या बिचाऱ्याचं कुठल्याच सैन्याशी वैर नव्हतं.) तर सांगायचं म्हणजे, या उरुसाला वॉल्टर येतो आहे. होय, तोच. आपला वॉल्टर.

त्याची गोष्ट तुम्ही लग्न झाल्यापासून दर ईदला ऐकत आला आहात, पण बाबा समोर बसले आहेत आणि ती पत्रात आलीच पाहिजे असा हुकूम आहे, तेव्हा सोसा. बेचाळीसच्या उन्हाळ्यात एक विमान पोटावर घसरत आलं, आजोबांच्या खळ्यातून आरपार गेलं आणि विहिरीपाशी थांबलं. आतून एक लालबुंद इंग्रज पोरगा उतरला. आजोबांनी त्याला एकच प्रश्न विचारला, जेवलास का, आणि बोकड कापला. जर्मन त्याला शोधत आले तेव्हा पाहुणा मबरूका आत्याचे कपडे घालून शेळ्या वळत होता. (शेळ्यांना तो आवडला नाही, असं आत्या अजून सांगते.) जर्मनांनी विमानाच्या बंदुका काढून नेल्या, त्यालाही कोणी अडवलं नाही. ऊन उतरल्यावर बाबा, तेव्हा विशीतले, त्याला उंटावर घालून त्याच्या लोकांकडे पोचवायला निघाले. निघताना त्याने विमानाकडे बोट दाखवलं, काहीतरी बोलला, दोन्ही हात आभाळाकडे उडवले आणि आपला लायटर बाबांच्या मुठीत कोंबला. इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, पण हवं होतं कशाला? पाहुणा आपलं जनावर यजमानाच्या दारात सोडून जातो तेव्हा खूण म्हणून अंगावरची एखादी वस्तू देतो. ते जनावर मग यजमानाच्या इमानावर राहतं. बाबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "तू येईपर्यंत हे माझ्याकडे." वॉल्टरने जोरजोरात मान हलवली.

आता ठेव सांभाळायची म्हणजे ती उघड्यावर गंजू द्यायची नाही. म्हणून एक पंख इद्रीसकाकांच्या शेळ्यांच्या गोठ्यावर गेला, कारण छपराखाली ठेवण्यापेक्षा छपरावर ठेवणं सोपं. पेट्रोलच्या टाकीत पाणी भरलं, म्हणजे ती आतून सुकणार नाही. (आपल्या घराण्यातल्या लोकांना इतर कुठलंही पाणी अळणी का लागतं, त्याचं कारण हेच.) काचेच्या टपाखाली पुदिना वाढला. पत्र्याच्या पराती झाल्या, पेट्या झाल्या, कबुतरांचं खुराडं झालं. लेकी सासरी गेल्या तसं विमानही थोडं थोडं सासरी गेलं. सगळ्यांनी ते इतक्या मनापासून सांभाळलं की विहिरीपाशी विमान म्हणून काही उरलंच नाही. बाबांना याची काळजी नव्हती. त्यांच्या मते विमान "आपल्याच घरांत" होतं, पाहुणा आला की जोडायचं, त्यात काय एवढं.

ते गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं. दाजी, मी या महिन्यात जेवढं मांस खाल्लं तेवढं जन्मात खाल्लं नव्हतं. वस्तू आपली नाही हे कोणीही नाकारलं नाही. उलट छातीवर हात ठेवून सांगितलं, "अरे, पाहुण्याची ठेव ती! आधी बस तर खरा." बसलं की पहिला चहा येतो, आणि पहिल्या चहाला कामाचं बोललं तर यजमानाचा अपमान. दुसऱ्याला बोललं तर घाई. तिसऱ्याला तोंड उघडावं तर तोवर मागे शेळी कापलेली असते. आणि ज्याचं मीठ आत्ताच खाल्लं, त्याच्या गोठ्याचं छप्पर त्याच्याच डोळ्यांदेखत कसं काढायचं? मी ढेकर देत रिकाम्या हाती परत यायचो. शेवटी मी युक्ती केली आणि उपास आहे म्हणून सांगायला लागलो. मग मात्र लोक भराभर वस्तू काढून द्यायला लागले, माझ्याकडे संशयाने बघत.

सगळ्यात जड गेली मबरूका आत्या. वॉल्टरच्या पाठीमागे जो जाड लोखंडी पत्रा होता, गोळी लागू नये म्हणून, त्यावर ती पन्नास वर्षं भाकऱ्या भाजते. त्याला गोळ्यांनी पडलेल्या खळग्यांमुळे तिच्या भाकरीला जी खळी पडते ती पार मतरूहपर्यंत प्रसिद्ध आहे.

"ने की," ती म्हणाली. "पण मग उद्यापासून भाकरी तुझ्या पाठीवर भाजते."

"आत्या, त्याचा जीव वाचवलाय या पत्र्याने."

"मग? त्याचा एकदा वाचवला. तुझा रोज कोण वाचवतं?"

अखेर पाहुणा जाईपर्यंत उसना, अशा बोलीवर तिने तो दिला आणि वर मला शपथ घातली की इंग्रज काही जुनं दिसलं की काचेच्या कपाटात ठेवतात, तसं मी होऊ देणार नाही.

जोडणी हमदने केली. (पाण्याचे टँकर जोडतो तो. त्याच्या हाताखालून गेलेला टँकर गळतो, पण कधी मोडत नाही.) तिथे एक नवीच अडचण निघाली. लोकांनी पाहुण्याचा मान राखायचा म्हणून घरातलं होतं नव्हतं ते सगळं विमान आणून दिलं होतं. त्या उन्हाळ्यात आपल्याकडे एकटा वॉल्टरच पडला होता असं थोडंच आहे? पंख तीन भरले, शेपट्या दोन. मी म्हटलं, जास्तीच्या परत कर. हमद म्हणाला, "परत करायला तू जा. मला पुन्हा जेवायचं नाही." तेव्हा त्याने जे जिथे बसेल तिथे बसवून टाकलं. आता विहिरीपाशी जे उभं आहे त्याच्या एका पंखावर इंग्रजांचे गोल आहेत, दुसऱ्यावर जर्मनांचा काळा क्रूस आहे आणि शेपटीवर इटालियन काहीतरी. तिन्ही सैन्यांनी मिळून एकच विमान घेतल्यासारखं दिसतं, आणि आधीच तसं केलं असतं तर आपल्या खळ्यांची नासाडी वाचली असती.

बाबांना काल हाताला धरून नेलं. दिसत नाही म्हणून त्यांनी ते नाकापासून चाचपत पाहिलं. पंख्यावर हात फिरवला, पत्रा ठोकून पाहिला, एकदा हसलेसुद्धा. मग मधल्या खड्ड्यात हात घातला आणि तो तिथेच राहिला. "मिफ्ताह," ते म्हणाले, "पाहुणा बसणार कुठे?" मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "एका माणसाने आयुष्यात मला एकच गोष्ट सांभाळायला दिली. ती अर्धी परत करायची वेळ माझ्यावर आणू नकोस." दाजी, बाबांना मी चिडलेलं रोज बघतो. असं कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी घाईघाईने सांगून टाकलं की बैठक पॉलिशला दिली आहे, अलेक्झांड्रियाला, दाजींकडे.

बाकी सर्व ठीक. ताईला अंजिरं पाठवतो आहे. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमचा,
मिफ्ताह

ता. क. आता तुम्हाला कळलंच असेल. आजीने लग्नात ताईच्या घोंगड्यांखाली लपवून जी बैठक दिली आणि जिच्यावर तुम्ही वीस वर्षं गिऱ्हाईकं बसवता, ती कृपया खालच्या लोखंडी खांबावरून काढून बुधवारच्या बसने पाठवा. वॉल्टर गुरुवारी येतो आहे. गिऱ्हाईकांना दोन दिवस उभ्याने भादरा.

ता. क. दुसरा. पत्र खिशातच राहिलं, कारण बसवाला चहाला थांबला नाही. आणि आज मंगळवारीच वॉल्टर टॅक्सी करून दारात हजर! भाषणं ऐकवेनात म्हणून पळून आला. आता पांढराफटक आहे, पण लाल तेवढाच होतो. बाबांनी विचारलं, "जेवलास का?" आणि बोकड कापायला लावला. मधे बोलायला मी, हॉटेलात वाढपी म्हणून शिकलेल्या माझ्या इंग्रजीत, जिच्यात मुख्यतः अंडी, टॉवेल आणि माफी एवढंच आहे. आम्ही त्याला विहिरीपाशी नेलं. त्याने विमान पाहिलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतो आहे, मग वाटलं हसतो आहे. दोन्ही करत होता. मग त्याने माझा दंड धरून सांगितलं ते असं, की पडलेलं विमान शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जाळायचा हुकूम होता. लायटर त्याने त्यासाठी दिला होता. हात आभाळाकडे उडवले ते ज्वाळा दाखवायला. आणि वरच्या साहेबांना त्याने शपथेवर सांगितलं होतं की मागे वळून धूर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं. पन्नास वर्षं थांबलेला माणूस, दाजी. मी म्हटलं, "म्हणतो, मी सांगितलं होतं त्याहून जास्त सांभाळलंत." बाबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी कमरेच्या कापडातून लायटर काढला, घासून घासून त्यावरची अक्षरंसुद्धा गेली आहेत, आणि वॉल्टरच्या हातात ठेवला. दर ईदला ते त्यात पेट्रोल भरतात. एका खटक्यात पेटला. वॉल्टरने त्या ज्योतीकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याने खिशातून सिगारेटी काढल्या आणि पहिली बाबांची पेटवून दिली.

ता. क. शेवटचा. खुर्ची उखडू नका! बाबांनी तिचा विषय काढलाच, तेव्हा वॉल्टर म्हणाला की त्या बैठकीवर तो दर वेळी भीतीने घामाघूम होऊनच बसला, तर मरण्यापूर्वी एकदा निवांत बसून बघायचं आहे. शनिवारी मी त्याला घेऊन येतो. दाढी करा, पैसे घेऊ नका, आणि आरशावर "जर्मन विमानातली अस्सल खुर्ची" अशी पाटी तुम्ही लावली आहे ती तेवढी उतरवा. बाबाही येत आहेत, जन्मात पहिल्यांदा शहरात. त्यांना अजून ठाऊक नाही की तुम्ही तिच्यावर लोकांच्या दाढ्या करता. ते खुर्ची चाचपतील, तिच्यावरचे केस बोटांना लागतील, आणि तुम्हाला विचारतील, इतकी वर्षं काय करत होतास हिचं. घाबरू नका. छातीवर हात ठेवा आणि सांगा, सांभाळत होतो.